बोडीतील शेवाळ आणि खडकातील शेवाळ

उन्हाळा लागला म्हणजे कामठीजवळ कन्हान नदीचे पात्र आटू लागते व वाळूत जागोजाग पाण्याची डबकी उरतात. या डबक्यांत, तसेच गावोगावच्या बोड्यांत, विहिरींच्या कठड्यांवर व भाताच्या बांध्यांत हिरवा थर वाढलेला आपण पाहतो. त्या सर्वांस आपण शेवाळ हे एकच नाव देतो. बोलण्याच्या सोयीसाठी हे ठीक आहे. परंतु पाण्याची व पिकांची काळजी वाहणाऱ्या कार्यकर्त्याने एवढ्यावर थांबणे योग्य नाही. या एका नावाखाली ज्या वनस्पती येतात, त्यांपैकी काही निरुपद्रवी, काही उपयोगी, तर काही जनावरांच्या जिवावर उठणाऱ्या असतात. त्यांची ओळख कशी पटवावी आणि त्यांचा पूर्वेतिहास नागपूरच्या खडकांत कसा नोंदलेला आहे, याची माहिती या लेखात दिली आहे.

शेवाळांचे प्रकार

बोडीच्या काठी उभे राहून नीट पाहिले तर चार प्रकार सहज वेगळे करता येतात.

पहिला प्रकार केसांसारख्या लांब, बुळबुळीत धाग्यांचा. हाताने उचलल्यास ओल्या केसांचा झुबका हाती यावा तसा तो येतो. यात स्पायरोगायरा हे शेवाळ प्रमुख आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या प्रत्येक पेशीत हिरवी फीत मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली दिसते. दुसरा प्रकार खरखरीत धाग्यांचा किंवा जाळीचा. क्लॅडोफोरा व पाण्यात जाळ्याप्रमाणे पसरणारे हायड्रोडिक्टिऑन ही याची उदाहरणे होत. पाण्याला नुसता हिरवा रंग आणणारी अनेक एकपेशीय शेवाळेही याच कुळातील आहेत.

तिसरा प्रकार कारा या नावाने ओळखला जातो. लांबून पाहणारास ते शेवाळ न वाटता पाण्यातील गवत वाटते. त्यास कांडी असतात व प्रत्येक कांडीच्या सांध्याभोवती बारीक फांद्यांचे कडे असते. मात्र त्यास खरी मुळे नाहीत व फूलही नाही. बोटांत चोळल्यास ते कचकच लागते आणि त्यास लसणासारखा उग्र वास येतो. ही कचकच चुन्याची असते. वाळलेल्या काडीवर लिंबाचा रस पिळल्यास बारीक बुडबुडे येतात.

चौथा प्रकार निळ्या-हिरव्या सायीचा. याच्या काही जाती पाण्यावर सांडलेल्या रंगाप्रमाणे पसरतात. यांस नील-हरित शेवाळ म्हणण्याची पद्धत आहे. तथापि शास्त्रदृष्ट्या हे हिरवे शेवाळ नव्हेच. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून त्यांची गणना जीवाणूंमध्ये करतात.

वर्गीकरण कसे ठरले

प्रारंभी वनस्पतिशास्त्रज्ञ शेवाळांची विभागणी बाह्य रूपावरून व रंगावरून करीत असत. लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात काराचे नाव आलेले आहे. पण तिची जागा कोठे, याविषयी पुढे दीर्घकाळ एकमत नव्हते. काहींना ती शेवाळ वाटे, तर काहींना शेवाळाहून वरच्या दर्जाची वनस्पती वाटे.

आता पेशींची रचना, पेशीविभाजनाची रीत आणि आनुवंशिक द्रव्य यांवरून हिरव्या शेवाळांचे दोन मोठे वंश मानले जातात. एका वंशात क्लॅडोफोरा, हायड्रोडिक्टिऑन, क्लोरेला इत्यादी येतात. दुसऱ्यात स्पायरोगायरा, कारा व त्यांचे आप्त येतात. जमिनीवरील यच्चयावत वनस्पती, म्हणजे शेवाळी गालिच्यासारखी वाढणारी हरिता, नेचे, गवते, धान्ये व वृक्ष, या दुसऱ्याच वंशातून उत्पन्न झाल्या. काराची बांधणी झाडासारखी दिसते, म्हणून तीच वनस्पतींची सर्वांत जवळची नातलग असावी असे पूर्वी वाटत असे. परंतु २०१४ साली अनेक वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची विस्तृत तुलना प्रसिद्ध झाली व हा मान स्पायरोगायराच्या गटाकडे झुकला. पुढील संशोधनानेही यास बळकटी दिली आहे. आपल्या बांधीतील धान आणि त्याच बांधीतील बुळबुळीत धागा यांचे नाते हे असे आहे.

भारतात या विषयाचा अभ्यास कृषिशास्त्रज्ञांनीच मोठ्या आस्थेने केला, ही गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५९ साली स्पायरोगायराच्या कुळावर डॉ. एम. एस. रंधावा यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९६२ साली काराच्या गटावरील ग्रंथ निघाला. त्याच्या लेखकांत डॉ. बी. पी. पाल व डॉ. जी. एस. वेंकटरामन हे होते. डॉ. पाल म्हणजे गव्हाच्या सुधारित जाती निर्माण करणारे तेच शास्त्रज्ञ. पुढे १९६५ साली ते परिषदेचे पहिले महासंचालक झाले.

चुन्याचे कवच

शेवाळाचे अंग मऊ असते. ते मेल्यावर थोड्याच दिवसांत कुजते व मागे काही उरत नाही. म्हणून खडकांत शेवाळाचे अवशेष क्वचितच सापडतात. स्पायरोगायराच्या गटाचे जे काही टिकते ते बहुधा त्याचे जाड भिंतीचे बीजाणू होत. तरीही शेवाळांचे प्राचीनत्व ठरविणारे काही पुरावे मिळाले आहेत. उत्तर चीनमधील सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी खडकात फांद्या असलेल्या हिरव्या शेवाळाचे अवशेष आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले.

कारा मात्र या बाबतीत भाग्यवान आहे. तिच्या स्त्री-बीजाभोवती पाच लांब पेशी डावीकडे वळत वर चढतात व त्यांत चुना साठतो. त्यामुळे बीज परिपक्व होईपर्यंत त्याभोवती पिळदार रेघांचे एक कवच तयार होते. ते सुमारे खसखशीच्या दाण्याएवढे असते. वनस्पती कुजली तरी हे कवच गाळात राहते आणि गाळाचा खडक झाला तरी ओळखू येते. अशी कवचे ४२ कोटी वर्षांइतक्या जुन्या थरांपासून मिळतात. अतिप्राचीन जातींत पेशींची संख्या निराळी असे. काहींत वळण उजवीकडे, तर काहींत मुळीच वळण नसे. त्या सर्व जाती नष्ट झाल्या. आज डाव्या वळणाच्या व पाच पेशींच्या जातींचे एकच कुळ शिल्लक आहे.

नागपूरच्या खडकांतील पुरावा

कामठीचे नाव भूशास्त्रात पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. कामठी व सिलेवाडा भागातील पिवळसर-तांबूस वालुकाश्मास कामठीचा थर असेच म्हणतात. तो सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणलेल्या वाळूचा बनलेला असून त्यात ग्लॉसॉप्टेरिस या लुप्त वनस्पतीच्या पानांचे ठसे आढळतात. परंतु वाळू वाहून नेणाऱ्या प्रवाहात काराला थारा मिळत नाही. तिला उथळ, संथ, स्वच्छ व चुनखडीयुक्त पाणी लागते. अशा पाण्याचे थर पाहावयाचे तर कामठीहून सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या नागपूरकडे, काळ्या दगडाच्या प्रदेशात जावे लागते.

हा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्ह्याचा आहे. लाव्हा एकदाच आला नाही. एक थर निवाल्यानंतर दीर्घ विश्रांती पडे. त्या काळात खोलगट जागी पाणी साचे, तळी होत, त्यांत शिंपले व वनस्पती वाढत. नंतर पुन्हा लाव्हा येऊन सर्व झाकून टाकी. अशा दोन लाव्ह्यांच्या मधला गाळाचा थर नागपूरच्या सीताबर्डी टेकडीत व टाकळी येथे पूर्वीच ओळखला गेला. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी १८५५ साली येथील भूशास्त्रावर व जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी, १८४० साली, मद्रासच्या वैद्यकीय सेवेतील जे. जी. माल्कमसन यांनी दख्खनच्या पूर्व भागातून गोळा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन छापले गेले होते. त्यांतील काराच्या कवचास माल्कमसन यांचेच नाव देण्यात आले.

कन्हान नदी ज्या छिंदवाड्याच्या डोंगराळ मुलखातून येते, त्याच बाजूस मध्य प्रदेशातील सौंसर आहे. तेथील गारगोटीसारख्या कठीण दगडांत डॉ. बिरबल साहनी व एस. आर. नारायण राव यांना काराची आणखी एक जात मिळाली. १९४३ साली त्यांनी तिला सौंसरचे नाव दिले. त्याच परिसरातील दगडांत अझोला या पाणनेच्याचीही प्राचीन जात आढळली. आज भाताच्या बांधीत खतासाठी सोडला जाणारा अझोला तिचाच सगोत्र होय. १९७६ साली नागपूरजवळच्या अशाच थरांतील काराच्या गटावर पुन्हा स्वतंत्र निबंध प्रसिद्ध झाला. तेव्हा लाव्ह्याच्या दोन पुरांमध्ये विदर्भात जी तळी होती, ती आपल्या बोडीहून फार निराळी नव्हती, असे म्हणण्यास हरकत नाही.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग

काराचे कवच खडकात टिकते, याचे कारण तिचे बीज प्रतिकूल काळ सहन करण्यासाठीच बनलेले असते. म्हणून बोडी आटली की कारा मेली असे समजू नये. तिचे बीज वाळलेल्या गाळात जिवंत राहते व पावसाळ्यात पाणी भरताच पुन्हा उगवते. काराने भरलेल्या बोडीचा गाळ धानाच्या बांधीत टाकल्यास आपण आपल्या हाताने हे तण तेथे नेऊन पेरतो. असा गाळ कोरडवाहू पिकांच्या शेतात टाकावा. तेथे पाणी साचत नसल्याने कारा वाढू शकत नाही. बांधीत कारा किंवा धागेदार शेवाळ माजून रोपे दबत असतील, तर शक्य तेथे काही दिवस पाणी काढून माती उघडी पडू द्यावी व शेवाळ दाताळ्याने ओढून बाहेर काढावे.

नील-हरित शेवाळाच्या बाबतीत दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्यात. त्याच्या काही जाती हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. भातखाचरांच्या सुपीकतेशी त्यांचा असलेला संबंध डॉ. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिला. परंतु पाण्यावर दाट साय धरणाऱ्या काही जाती विषारी असतात. असे पाणी प्यायल्याने गुरे दगावू शकतात.

यास्तव पुढील साधी परीक्षा करावी. पाण्यातील थरात लांब काठी घालून वर उचलावी. धागे लोंबत आले तर ते बहुधा हिरवे शेवाळ असते. काठीस रंग लावल्याप्रमाणे लेप बसला तर नील-हरित शेवाळाचा संशय घ्यावा. दुसरी परीक्षा म्हणजे पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून रात्रभर न हलविता ठेवणे. सकाळी हिरवा थर वर तरंगलेला दिसल्यास संशय बळावतो. या परीक्षा करताना हातास पाणी लागू देऊ नये व नंतर हात साबणाने धुवावेत. या परीक्षांनी विष सिद्ध होत नाही. परंतु संशय आला की गुरांना त्या पाण्यापासून दूर ठेवावे, ते पाणी पिण्यास वापरू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. घाईने मोरचूद टाकू नये. त्याने शेवाळ एकदम मरून पेशींतील विष पाण्यात उतरते, शिवाय मासेही मरतात.

शेतातील दगडांविषयी

शेवटी शेतकरी बंधूंना एक विनंती आहे. काळ्या दगडाच्या प्रदेशात विहीर खणताना किंवा शेत साफ करताना पांढरे, करडे वा काळसर गारगोटीसारखे दगड निघतात. त्यांत शंख, पानांचे ठसे, लाकडाच्या रेषा किंवा खसखशीएवढे पिळदार दाणे दिसले, तर तो दगड फोडू नये व बांधात दडपू नये. तो बाजूस ठेवून गट क्रमांक, खोली व दिवस यांची चिठ्ठी त्याजबरोबर ठेवावी. दगड कोठून निघाला हे माहीत नसेल तर त्याचे शास्त्रीय मोल फार कमी होते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी वार्ता जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र किंवा भूशास्त्र विभागास, अथवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयास पोचवावी. टाकळीचा परिसर आज नागपूरच्या वस्तीत आला आहे. तेथे पूर्वीप्रमाणे मोकळेपणाने शोध घेणे आता शक्य नाही. यापुढे असे दगड मिळावयाचे ते बहुतांशी शेतकऱ्यांच्या शेतांतूनच. गावच्या बोडीतील शेवाळ ओळखण्यास शिकलेला डोळा हे दगडही ओळखील.