मुदत संपलेला बंधारा

अमेरिकेत नदी अडवून वीज करायची तर केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि त्या परवान्याला मुदत असते. १९२० च्या कायद्याने ती जास्तीत जास्त ५० वर्षांची ठरवली. नदी जनतेची, पाणी वापरायची मुभा कंपनीची, तीही ठरावीक काळापुरती, असा हा साधा हिशेब. पुढच्याच वर्षी इकडे मुळशीत सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उतरले. तिथली जमीन भूसंपादन कायद्याने गेली ती कायमची.

मुदत संपली की काय होतं हे बघायचं तर मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरच्या एडवर्ड्स बंधाऱ्याची गोष्ट सांगावी लागते. ऑगस्टा ही राज्याची राजधानी. समुद्रापासून साधारण ६५ किलोमीटरवर, जिथवर भरती-ओहोटी पोचते नेमक्या तिथे, १८३७ साली हा लाकूड-दगडाचा बंधारा उभा राहिला. लांबी सुमारे २८० मीटर, उंची जेमतेम साडेसात. आधी गिरण्यांची चाकं फिरवायला पाणी आणि पुढे वीज, हे त्याचं काम. बांधताना माशांसाठी वाट ठेवली होती. ती पुरात गेली आणि पुढच्या मालकांना तिची फारशी गरज वाटली नाही.

गरज माशांना होती. सॅमन, शॅड, एलवाइफ, स्टर्जन, पट्टेरी बास हे सगळे समुद्रात वाढणारे आणि अंडी घालायला गोड्या पाण्यात येणारे मासे. यातला शॅड म्हणजे आपल्या पाल्याचा जातभाई. पावसाळ्यात खाडीतून नदीत चढणारा पाला ज्यांना माहीत आहे, त्यांना ऑगस्टात काय बिघडलं हे वेगळं सांगायला नको. नदीच्या अगदी दारातच भिंत. वरचं खोरं कितीही चांगलं असलं तरी मासा तिथे पोचणारच नाही.

वीज किती? साडेतीन मेगावॅट. मेनच्या एकूण गरजेच्या हजारातला एक भाग. ज्या कापडगिरणीसाठी हे सगळं चाललं होतं ती १९८९ च्या आगीत गेली. उरली ती फक्त वीजविक्री, आणि तीही जुन्या करारातल्या चढ्या दराने. असा करार हातात असताना बंधारा सोडायला कोण तयार होईल? उलट कंपनीने नूतनीकरणाचा अर्ज करताना क्षमता साडेअकरा मेगावॅटपर्यंत वाढवायची म्हटली होती. तो बेत पुढे बारगळला.

नूतनीकरण म्हणजे नुसता शिक्का मारून घेणं नव्हे. मुदत संपायच्या पाच वर्षं आधी मालकाने इरादा कळवायचा, दोन वर्षं आधी अर्ज द्यायचा. मधल्या काळात पाणी किती सोडणार, मासे कसे जाणार, गाळाचं काय, नावाडी आणि गळवाल्यांचं काय, या सगळ्याचे अभ्यास स्वतःच्या खर्चाने करायचे. पाण्याच्या दर्जाचा दाखला राज्याकडून. माशांची वाट बांधा असा हुकूम मासे आणि वन्यजीव बघणारी केंद्रीय खाती देऊ शकतात आणि तो सहसा टाळता येत नाही. तोवर मुदत उलटलीच तर वर्षावर्षाचा परवाना मिळत राहतो. मोठ्या धरणाला हा खर्च सोसतो. दोन-तीन मेगावॅटवाल्या मालकाचं कंबरडं मोडतं, आणि त्याची कुरकुर सगळीच खोटी नसते. म्हणून अगदी लहान प्रकल्पांना परवान्यातून कायमची सूट घ्यायची सोय आहे. तिची मर्यादा २०१३ मध्ये पाचवरून दहा मेगावॅटवर नेली. पण मुदत नाही म्हणजे पुन्हा हिशेब मांडायचा दिवसही नाही. मला ही सूट तेवढ्यासाठीच खटकते.

एडवर्ड्सचा परवाना १९९३ मध्ये संपला. त्याआधी १९८६ साली कायद्यात एक महत्त्वाची दुरुस्ती झाली होती. परवाना देताना मासे, वन्यजीव, करमणूक यांना विजेइतकंच वजन द्यायचं, असं संघराज्याच्या ऊर्जा नियमन आयोगाला बजावलं गेलं. याच मुद्द्यावर नदीप्रेमी आणि गळवाल्यांच्या चार संघटनांनी केनेबेकसाठी आघाडी उघडली आणि नुसत्या घोषणा न देता हजारो पानांचा पुरावा आयोगापुढे ठेवला. १९९४ मध्ये आयोगाने जाहीर केलं की परवाना नाकारून बंधारा काढायला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे. वीज कंपन्यांना हे अर्थातच झोंबलं.

खरी मेख होती माशांच्या शिडीत. आयोगाच्या कर्मचाऱ्यांचा पहिला मसुदा म्हणत होता, शिडी बांधा आणि परवाना घ्या. पण स्टर्जनसारखा मोठा, तळाशी फिरणारा मासा शिडी चढत नाही. पट्टेरी बास चढत नाही. चिमुकला स्मेल्टही नाही. म्हणजे कोटभर डॉलर ओतून अर्धेच मासे वर जाणार. बंधारा काढायचा अंदाज मात्र २७ लाख डॉलरचा. १९९७ च्या अंतिम अहवालात हेच कर्मचारी ‘काढून टाका’ म्हणाले आणि २५ नोव्हेंबरला आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवाना नाकारला. मालकाची इच्छा नसताना चालू वीजघराचा बंधारा काढायचा आदेश आयोगाने याआधी कधीच दिला नव्हता.

आता पैसे कोणी द्यायचे? इथे गोष्ट जरा व्यवहारी होते, आणि मला तीच बाजू जास्त आवडते. कोर्टकज्जे टाळायला मे १९९८ मध्ये तडजोड झाली. खाली नदीकाठच्या बाथ इथल्या जहाजबांधणी कारखान्याला विस्तार करायचा होता; नदीच्या त्या नुकसानीची भरपाई म्हणून त्याने २५ लाख डॉलर दिले. वरच्या धरणांच्या मालकांनी साडेसत्तेचाळीस लाख दिले आणि बदल्यात आपापल्या माशांच्या वाटा बांधायला मुदतवाढ घेतली. एडवर्ड्स कंपनीने बंधारा राज्याच्या हवाली केला. करदात्याला झळ लागली नाही, हे खरं. पण वरच्या धरणांचा वाद पुढच्या पिढीच्या गळ्यात पडला, हेही तितकंच खरं.

१ जुलै १९९९ च्या सकाळी ऑगस्टात चर्चची घंटा वाजली. हजारभर माणसं काठावर जमली होती. गव्हर्नर अँगस किंग होते, अंतर्गत व्यवहार मंत्री ब्रूस बॅबिट होते. एका उत्खनन यंत्राने मातीच्या तात्पुरत्या बांधाला खाच पाडली. आधी नुसती चिंधीएवढी धार, मग तिने कडा खात खात खिंड रुंद केली आणि गढूळ लोंढा सुटला. वॉटरव्हिलपर्यंतची २७ किलोमीटर नदी १६२ वर्षांनी मोकळी झाली.

पहिल्या काही वर्षांतच पट्टेरी बास आणि स्टर्जन जुन्या बंधाऱ्याच्या वर दिसू लागले. सॅमन मात्र मोजकाच आला. त्याच्या अंडी घालायच्या जागा आणखी वर आहेत आणि मधे चार धरणं आहेत. २००८ मध्ये सेबॅस्टिकुक या उपनदीवरचा फोर्ट हॅलिफॅक्स बंधाराही गेला. त्यानंतर तिथे एका हंगामात वीस लाखांहून जास्त एलवाइफ मोजले गेले, आणि बेंटन गावाला मे महिन्यात ते पकडून शेवंडाच्या आमिषासाठी विकण्याचा हक्क मिळाला.