आकाशाला कान लावताना

जुलै २०२५. रविवारी सकाळी सातला मी गच्चीवर उभी. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन कांड्या. आमच्या वॉचमनकाकांनी विचारलं, "मॅडम, केबल गेली काय?" म्हटलं, "नाही हो काका, सॅटेलाइट येतोय." काकांनी एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गपचूप जिना उतरले.

माझ्या या वेडाचं नाव आहे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, थोडक्यात एसडीआर.

पेनड्राइव्हएवढा रेडिओ

साध्या रेडिओत स्टेशन निवडण्यापासून आवाज वेगळा काढण्यापर्यंत सगळं काम आतले सुटे भाग करतात. एसडीआरमध्ये डोंगल फक्त लहरी पकडतो आणि त्यांचे आकडे करून लॅपटॉपला देतो, सेकंदाला २४ लाख वेळा! पुढचं सगळं सॉफ्टवेअरचं काम. आज एफएम, उद्या विमान, परवा उपग्रह. डोंगल तोच.

गंमत म्हणजे मुळात हा डोंगल लॅपटॉपवर टीव्ही बघण्यासाठी बनला होता. त्यातली रिअलटेक कंपनीची चिप कच्चे आकडेही देऊ शकते, हे २०१२ मध्ये फिनलंडचे डेव्हलपर अँटी पालोसारी आणि आणखी काही हौशी मंडळींनी दाखवून दिलं. तोवर महागडा असलेला हा छंद एकदम आपल्या बजेटमध्ये आला. लोकप्रिय डोंगल साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंतचं ऐकतो.

पहिल्या रात्रीच्या चुका

चूक नंबर एक. विंडोजवर 'झेडिग' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं डोंगलचा ड्रायव्हर बदलावा लागतो. घाईत मी यादीतलं चुकीचं नाव निवडलं आणि माझा माउसच मेला! तेव्हा 'बल्क-इन, इंटरफेस झिरो' हे नाव नीट वाचूनच क्लिक करा.

मग एसडीआर++ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उघडलं. मुंबईत १००.७ वर एफएम गोल्ड लागतं. तिथे गेले, आणि स्क्रीनवर रंगीत धबधबा कोसळायला लागला. याला वॉटरफॉलच म्हणतात. एकेक स्टेशन म्हणजे एकेक उजळ पट्टा. आजवर ऐकत आलेला रेडिओ त्या रात्री पहिल्यांदा बघितला.

चूक नंबर दोन म्हणजे गेन फुल्ल ठेवणं. त्यानं आवाज वाढत नाही, नुसता कचरा वाढतो. आणि कचऱ्याचे कारखाने आपल्याच घरात असतात: एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, वायफायचा अ‍ॅडॉप्टर. एकेक बंद करून बघा, स्क्रीन कशी स्वच्छ होते ते! लांब यूएसबी केबल लावून डोंगल लॅपटॉपपासून दूर ठेवला आणि अँटेना खिडकीत नेली, की निम्मी लढाई जिंकली.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. हवेत आहे म्हणून सगळंच आपलं नसतं. एफएम किंवा हवामानाची चित्रं सगळ्यांसाठी असतात, पोलिसांचं किंवा कुणाचं खासगी बोलणं नाही. चोरून संदेश ऐकणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे. तिकडे फिरकूच नका.

टिकटिक, टिकटिक

आता गच्चीवर परत येऊ. अमेरिकेचा एनओएए-१५ हा हवामान उपग्रह १९९८ पासून सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून फिरत होता आणि १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चित्रं पाठवत होता. त्यासाठीची अँटेना म्हणजे माझ्या त्या दोन कांड्या. प्रत्येकी ५३ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन, आडव्या धरलेल्या. बस्स!

सव्वासातच्या सुमाराला कानात जुन्या घड्याळासारखी टिकटिक सुरू झाली. सेकंदाला दोन ओळी या हिशेबानं चित्र उलगडत गेलं. आधी खरखर, मग ढग, मग अरबी समुद्र, आणि किनाऱ्याला चिकटलेला आपला पावसाळा. दहा-बारा मिनिटांत उपग्रह क्षितिजाखाली गेला. माझे हात भरून आले होते आणि मी एकटीच हसत होते.

चित्रात खालचा भाग फाटला होता. म्हटलं, पुढच्या रविवारी नीट घेऊ. पुढच्या रविवारी झोप लागली. त्याच्या पुढच्या रविवारी पाऊस. मग ऑफिसचं रिलीज. ऑगस्ट २०२५ मध्ये एनओएए-१९ आणि एनओएए-१५ दोन्ही बंद करण्यात आले. १८ नंबरचा तर जूनमध्येच गेला होता. सत्तावीस वर्षं रोज डोक्यावरून जाणारा उपग्रह, आणि माझ्याकडे त्याचं एकच फाटकं चित्र.

आपल्याला सगळं 'नंतर बघू'ची सवय. सिरियल, मॅच, व्हॉइस मेसेज, सगळं साठवून ठेवलेलं असतं. रेडिओ मात्र थांबत नाही. तो त्याच्या वेळेला येतो, तुम्ही गच्चीवर असा नाहीतर अंथरुणात.

खेळ संपलेला नाही. रशियाचे मिटिऑर-एम उपग्रह याच पट्ट्यात डिजिटल चित्रं पाठवतात. 'सॅटडंप' नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती उलगडतं, आणि माझ्या कांड्याही त्याच चालतात. फक्त विजा चमकत असताना गच्चीवर जाऊ नका.

माझा रविवारचा गजर लागलेला आहे. काका आता विचारत नाहीत, गच्चीची किल्ली आधीच काढून ठेवतात.