बाउमकूखन : थराथराने वाढणारा केक

झाडाचा बुंधा आडवा कापला की त्यावर एकाभोवती एक अशी वर्तुळे दिसतात. वाढीच्या प्रत्येक वर्षाची ती खूण असते. जर्मनीत लग्नसमारंभात आणि नाताळात मानाने मांडला जाणारा एक केक कापल्यावर नेमका असाच दिसतो. म्हणूनच त्याचे नाव ‘बाउमकूखन’. ‘बाउम’ म्हणजे झाड आणि ‘कूखन’ म्हणजे केक.

एरवी केक साच्यात ओतला जातो आणि भट्टीत फुगतो. बाउमकूखनच्या मूळ पद्धतीत मात्र साचाच नसतो. भट्टीसमोर एक आडवा दांडा सतत फिरत असतो. त्यावर मिश्रणाचा पातळ थर चढवायचा, तो तांबूस भाजला गेला की त्यावर दुसरा, मग तिसरा. असे पंधरा-वीस थर होईपर्यंत कारागिराला भट्टीपासून हलता येत नाही. थराची भाजलेली कड म्हणजेच कापल्यावर दिसणारे वर्तुळ. पारंपरिक कृतीत बेकिंग पावडर वापरत नाहीत. हलकेपणा येतो तो फेटलेल्या अंड्यांमुळे. झाल्ट्सवेडेल हे गाव या केकसाठी प्रसिद्ध असून तेथील बाउमकूखनला युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण लाभले आहे.

या केकचा सर्वांत विलक्षण प्रवास मात्र जपानमधला. कार्ल युखहाइम हा जर्मन मिठाईवाला चीनमधील त्सिंगताव येथे दुकान चालवीत असे. पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, जपानने ते शहर जिंकले आणि तो युद्धकैदी झाला. हिरोशिमाजवळच्या निनोशिमा बेटावरील छावणीत असताना, १९१९ मध्ये, जर्मन कैद्यांच्या वस्तूंचे प्रदर्शन हिरोशिमात भरले. तेथे त्याने भाजलेला बाउमकूखन जपानी लोकांना अतिशय आवडला. सुटकेनंतर तो जपानमध्येच राहिला. योकोहामातील त्याचे दुकान १९२३ च्या भूकंपात नष्ट झाले, तेव्हा त्याने कोबे येथे नव्याने सुरुवात केली. ज्या इमारतीत ते प्रदर्शन भरले होते, तिचाच अणुबॉम्बनंतर उरलेला सांगाडा आज स्मारक म्हणून जपलेला आहे. युखहाइमचे निधन १४ ऑगस्ट १९४५ रोजी झाले. दुसऱ्याच दिवशी जपानने शरणागती जाहीर केली. त्याचा केक मात्र तेथे रुजला. वर्तुळे दीर्घायुष्याचे प्रतीक मानून जपानी लग्नात पाहुण्यांना तो आजही भेट दिला जातो.

थरावर थर भाजण्याची ही रीत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. गोव्याची बेबिंका याच तत्त्वावर होते : वरून धग द्यायची आणि एक थर भाजला गेल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. घरगुती बाउमकूखनही असाच भांड्यात करता येतो. त्यासाठी फक्त वरची कॉइल स्वतंत्रपणे तापणारा ओव्हन हवा.

साहित्य : बिनमिठाचे लोणी २५० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, अंडी ६, मैदा १५० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १०० ग्रॅम, एका लिंबाची किसलेली साल, व्हॅनिला इसेन्स १ चमचा, चिमूटभर मीठ. वरून लावण्यासाठी जर्दाळूचा जॅम ३-४ चमचे आणि गडद चॉकलेट १५० ग्रॅम.

कृती : लोणी व निम्मी साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात एकेक बलक, लिंबाची साल व इसेन्स घालून फेटावे. अंड्यांचा पांढरा भाग मीठ घालून फेटावा; फेस धरू लागला की उरलेली साखर थोडी थोडी घालून घट्ट होऊ द्यावा. मैदा व कॉर्नफ्लोअर एकत्र चाळून, फेसाबरोबर आलटून पालटून, हलक्या हाताने लोण्याच्या मिश्रणात मिसळावे.

आठ इंची भांड्याला लोणी लावून तळाशी बटर पेपर घालावा. ओव्हनची वरची कॉइल चांगली तापवून भांडे तिच्यापासून साधारण अर्धी वीत खाली ठेवावे. दोन-तीन मोठे चमचे मिश्रण पातळ पसरून दोन-तीन मिनिटे, तांबूस होईपर्यंत भाजावे. मग पुढचा थर. केक उंच होत जाईल तसे भांडे एक खण खाली घ्यावे. बारा ते चौदा थर होतात. पूर्ण गार झाल्यावर कोमट जॅम लावावा, तो सुकला की वितळलेले चॉकलेट ओतावे. चॉकलेट घट्ट झाले की धारदार सुरीने पातळ तुकडे कापावेत.

येथे एकच पथ्य आहे : घाई करू नये. जाड थर ओतला तर तो आतून कच्चा राहतो आणि थराची रेषाही उमटत नाही. तासभर ओव्हनसमोरून उठता येणार नाही, हे आधीच गृहीत धरावे. शक्य असल्यास हे काम दोघांनी करावे. एकाने थर पसरावा, दुसऱ्याने काचेतून रंगावर नजर ठेवावी. केक कापल्यावर दिसणारे थर मग दोघांनाही मोजता येतील.