आतडे कुणाचे?

वसईच्या वाडीत केळीचा घड उतरवला की खांब कापून टाकतात, पण जमिनीतल्या कंदातून नवे मुनवे फुटतच राहतात. आपल्या लहान आतड्याच्या अस्तराचेही तसेच आहे. अन्नरस शोषणाऱ्या पेशी चार-पाच दिवसांत झडतात. अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी त्यांची जागा भरून काढतात.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेला २००७ साली या मूलपेशींची खूण सापडली. २००९ मध्ये तिथेच तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातली एकेक मूलपेशी जेलीसारख्या पदार्थात ठेवली आणि तिला वाढीची मोजकी प्रथिने दिली. तिच्यापासून खळग्यांसकट आतड्याच्या अस्तराची पोकळ, इवलीशी प्रतिकृती वाढली. हेच ऑर्गनॉइड. २०११ पर्यंत माणसाच्या आतड्यातूनही ते वाढवता येऊ लागले. त्यासाठी दुर्बिणीच्या तपासणीत काढलेला छोटा तुकडा पुरतो आणि वाढलेले ऑर्गनॉइड गोठवून साठवताही येते.

उलट्या-जुलाब घडवणारा मानवी नोरोव्हायरस अनेक दशके प्रयोगशाळेत नीट वाढत नव्हता. २०१६ मध्ये ह्यूस्टनच्या मेरी एस्टिस यांच्या गटाने तो अशा ऑर्गनॉइडमध्ये वाढवला. त्यात एक गोष्ट दिसली: विषाणूचा एक प्रमुख प्रकार काही माणसांच्या ऑर्गनॉइडमध्ये वाढला, काहींच्यात वाढलाच नाही. कारण त्या माणसांच्या जनुकांत होते.

प्रयोगशाळेबाहेर बसून हे सारे वाचताना मला म्हणूनच एक प्रश्न पडतो: तपासलेले आतडे कुणाचे? रोटाव्हायरसची लस आपण बाळांना तोंडावाटे देतो. श्रीमंत देशांतल्या मुलांना ती जेवढे संरक्षण देते, तेवढे आपल्याकडच्या मुलांना देत नाही. यामागे आईकडून मिळालेली प्रतिपिंडे, कुपोषण, इतर जंतू अशी अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतली अस्तराशी निगडित कारणे शोधायची, तर आपल्याच लोकांच्या आतड्यांचे ऑर्गनॉइड हवेत.

याला मर्यादाही आहेत. या प्रतिकृतीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, रोगप्रतिकारक पेशी आणि आतड्यातले जिवाणू नसतात. ते वेगळे मिसळावे लागतात. शिवाय हा उपचार नव्हे. ‘स्टेम सेल’च्या जाहिराती पाहणाऱ्यांनी तर हे आवर्जून लक्षात ठेवावे.

मार्च २०२३ मध्ये भारताने औषधचाचणीचे नियम बदलून प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय म्हणून ऑर्गनॉइडलाही जागा दिली. पेशींचा राष्ट्रीय साठा पुण्यात आहेच. संमतीने दिलेल्या आपल्या आतड्यांच्या ऑर्गनॉइडचा असाच साठा उभा राहिला, तर आपल्या बाळांविषयीचे प्रश्न परक्या आतड्यांना विचारावे लागणार नाहीत.