उडता पक्षी आणि कॅमेरा

रोहित पक्षी उथळ पाण्यात उभा असला म्हणजे आपणांस तो फिकट गुलाबी, जवळजवळ पांढराच दिसतो. परंतु त्याने पंख उघडले की त्यांवरील किरमिजी रंग आणि कडेची काळी पिसे एकदम प्रकट होतात. त्याला अग्निपंख असेही का म्हणतात, हे तेव्हा कळते. पुणे-सोलापूर मार्गावर भिगवणजवळ, भीमेवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात हे पक्षी हिवाळ्यात थव्याथव्यांनी उतरतात. आणि ते पंख टिपण्याच्या आशेने कॅमेरे घेतलेली माणसेही त्यांच्या मागोमाग येतात.

प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक. पहिल्या खेपेस तासभर नावेत बसूनही थवा जागचा हलेना, तेव्हा मी नावाड्याला नाव आणखी पुढे घेण्यास सांगितले. तो म्हणाला, "साहेब, ते खात्यात. खाऊ द्या जरा." मी ऐकले नाही. नाव पुढे सरकली, थवा उडाला, आणि मी भराभर साठ-सत्तर चित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो प्रत्येक चित्रात शेपट्या आणि मागे ताणलेले पाय! एकाही पक्ष्याचा डोळा दिसत नव्हता.

यात नवल काहीच नव्हते. भ्यालेला पक्षी आपल्याकडे पाठ करूनच उडणार. शिवाय त्याचे जे नुकसान होते ते वेगळेच. रोहित पक्षी मान वाकवून, चोच उलटी करून पाणी आणि चिखल गाळतो व त्यातील सूक्ष्म जीव आणि शेवाळ खातो. अशा बारीक अन्नावर एवढा देह पोसावयाचा तर दिवसाचे कितीतरी तास खाण्यातच घालवावे लागतात. दर अर्ध्या तासाला एखादी नाव त्याला उठवू लागली, तर खाणे राहते आणि उडण्यात शक्ती मात्र खर्च होते. एका चित्राची ही किंमत फार झाली.

मग उडतानाचे चित्र मिळावे कसे? आपण प्रथम वाऱ्याकडे लक्ष द्यावे. विमानाप्रमाणेच पक्षीही वाऱ्याला सामोरा होऊन उठतो. म्हणून वारा आपल्या पाठीवर येत असेल, तर उठणारा पक्षी आपल्या दिशेने येण्याचा संभव अधिक. सकाळचा सूर्यही पाठीशी असला, तर त्याच्या अंगावर उजेड पडतो. ज्या सकाळी वारा पूर्वेचा असतो, त्या सकाळी हे दोन्ही योग जुळतात. उडण्यापूर्वी थवा आपला मनसुबा लपवीतही नाही. पाण्यातील चोची वर येतात, माना ताठ होतात, सारे एकाच दिशेस चालू लागतात आणि मग पाण्यावरून धावत सुटतात. कॅमेरा डोळ्याला लावण्याची वेळ माना ताठ होतात तेव्हाची. धावू लागल्यावर उशीर होतो.

यंत्राविषयी थोडेच सांगतो. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून मंद नसावे. लहान, चपळ पक्ष्यासाठी दोन हजारावा भाग बरा. तेजस्वी आकाशापुढे पक्षी काळवंडतो, म्हणून प्रकाश एक पायरीने वाढवावा. सरावासाठी तळ्यावरच जावे असे मात्र नाही. कोणत्याही शहरावर घिरट्या घालणारी घार ही उत्तम गुरू आहे. ती संथ असते, वारंवार त्याच वाटेने येते, आणि वळण्याआधी दुभंगलेली शेपूट सुकाणूसारखी वाकवून सूचना देते.

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1882 साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनविला. चाप ओढताच तो एका सेकंदात 12 चित्रे घेई, आणि पंख नेमका कसा वरखाली होतो ते त्यांवरून अभ्यासता येई. बंदूक रोखावी आणि पक्षी सुखरूप उडत राहावा, ही कल्पना मला फार आवडते. आज सेकंदाला 20 चित्रे घेणारे आणि पक्ष्याचा डोळा आपणहून शोधणारे कॅमेरे मिळतात. वारा कोठून येतो, हे मात्र अजूनही आपले आपणच पाहावे लागते.

दुसऱ्या खेपेस मी त्याच नावाड्याला गाठले. त्याने पूर्वेच्या बाजूस नाव नेली, बांबू चिखलात रोवून ती बांधली आणि तंबाखू मळीत बसला. दीड तास गेला. मग एकाएकी एक मान ताठ झाली, पाठोपाठ दहा, वीस, आणि सारा थवा धावत आमच्याच दिशेने उठला. हाती लागलेल्या चित्रांपैकी दोनच स्वच्छ निघाली. पक्षी मात्र फार दूर गेले नाहीत. आमच्या डोक्यावरून वळून ते पलीकडच्या उथळ पाण्यात उतरले आणि चोची उलट्या करून पुन्हा खाऊ लागले.