एआयचा कोड आणि सहीची हमी

ओपन सोर्समध्ये रमणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. क्यूईएमू या एम्युलेटर प्रकल्पाने जून २०२५ मध्ये नियम केला: कोपायलट, चॅटजीपीटीसारख्या साधनांनी लिहिलेला कोड तूर्त घेणार नाही. कारण कायद्याचं आहे.

लिनक्स कर्नलप्रमाणे इथेही प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हा कोड या लायसन्सखाली देण्याचा मला हक्क आहे, अशी ती हमी. लिनक्समधल्या कोडवरून एससीओ कंपनीने आयबीएमला कोर्टात खेचलं, त्यानंतर २००४ मध्ये कर्नलमध्ये ही पद्धत आली. मॉडेल कोणाकोणाच्या कोडवर शिकलंय हेच ठाऊक नसेल, तर ही हमी कशाच्या बळावर द्यायची?

मला दुसरा मुद्दा अधिक गंभीर वाटतो. जीपीएल हे लायसन्स उभं आहे ते कॉपीराइटच्याच पायावर. अमेरिकेचं कॉपीराइट ऑफिस जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हणतं, की नुसता प्रॉम्प्ट दिल्याने माणूस लेखक ठरत नाही. मग निव्वळ एआयने लिहिलेला भाग उद्या कोणी बंद सॉफ्टवेअरमध्ये घातला, तर त्याला अडवणार कसं?

नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाने तर मे २०२४ मध्येच असा कोड डागाळलेला मानायचं ठरवलं. कोअर टीमच्या लेखी परवानगीशिवाय तो आत येत नाही. कुठल्याही प्रकल्पाला पॅच पाठवण्याआधी त्याचा एआयबद्दलचा नियम नक्की बघा.