नौकेच्या इंधनटाकीतील पाणी : कारणे आणि प्रतिबंध

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून असे प्रत्येकी 61 दिवस यांत्रिक नौकांना विशेष आर्थिक क्षेत्रात मासेमारीस मनाई असते. या काळात जाळी दुरुस्त होतात, नौकांना रंग दिला जातो, इंजिनाचे तेल बदलले जाते. इंधनाच्या टाकीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ती अर्धवट भरलेल्या स्थितीत तशीच राहते. बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत, खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असताना इंजिन आचके देते आणि बंद पडते. फिटर येऊन तपासतो तेव्हा गाळणीत डिझेलऐवजी पाणी निघते.

इंजिन नेमके अडचणीच्या जागीच बंद पडावे, यात दैवाचा भाग नाही. डिझेलची घनता लिटरला सुमारे 830 ग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याची 1,025 ग्रॅम असते. त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी तळाशी जाऊन बसते. इंधन ओढून घेणारी नळी तळापासून थोडी वर असल्याने शांत पाण्यात इंजिनाला स्वच्छ डिझेल मिळत राहते. नौका हेलकावू लागली की तळाचे पाणी व गाळ ढवळून नळीत जातो. शिडाच्या नौकेबाबत हा धोका अधिक असतो. गोव्यात बांधलेल्या आणि 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नौदलाच्या ‘तारिणी’सारख्या नौकेवरही डिझेल इंजिन असतेच. अशा नौकांवर इंधन कमी जळते, त्यामुळे ते टाकीत महिनोन्‌महिने पडून राहते आणि इंजिनाची गरज भासते ती प्रामुख्याने बंदरात शिरताना किंवा वारा पडल्यावर.

पाणी येते कोठून? बहुतेक जण ‘दमट हवेतून’ असे उत्तर देतात. हे कारण खरे असले, तरी त्याचा वाटा वाजवीपेक्षा फार मोठा मानला जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. साधा हिशेब करून पाहू. शंभर लिटरच्या अर्ध्या भरलेल्या टाकीत 50 लिटर हवा असते. दिवसाचे 30 अंश तापमान रात्री 20 अंशांवर आले, तर ही हवा आकुंचन पावून सुमारे दीड-पावणेदोन लिटर नवी हवा आत येते. 30 अंशांना पूर्ण संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 30 ग्रॅम बाष्प असते. म्हणजे एका रात्रीत आत येणारे पाणी फार तर एक विसांश ग्रॅम, आणि वर्षभरात चार चमच्यांहून कमी. उन्हात तापणाऱ्या मोठ्या लोखंडी टाकीत हे प्रमाण वाढेल, पण तरीही ते इंजिन बंद पाडणारे प्रमुख कारण ठरत नाही.

आता दुसरा हिशेब. डेकवरील भरणतोंडाच्या झाकणाखालचे रबरी कडे उन्हाने कडक होऊन चिरले आहे आणि त्यातून मिनिटाला एकच थेंब आत झिरपतो, असे समजू. एक थेंब म्हणजे सुमारे 0.05 मिलिलिटर. पावसाच्या एका दिवसात 72 मिलिलिटर पाणी टाकीत गेले! वर्षभराच्या दमटपणाने जितके पाणी येणार नाही, त्याच्या कितीतरी पट पाणी चिरलेले एक कडे एका दिवसात आत सोडते. हे कडे काही रुपयांत मिळते. दरवर्षी आगोटीपूर्वी ते बदलावे, आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावावे, आणि भरणतोंड डेकच्या सपाटीला न ठेवता शक्य असल्यास थोडे उंचावर घ्यावे, म्हणजे त्याभोवती पाणी साचणार नाही. पिण्याच्या पाण्याचे व डिझेलचे भरणतोंड शेजारी असेल, तर दोन्ही झाकणांना ठळक वेगळे रंग द्यावेत. घाईत पाण्याचा पाइप डिझेलच्या तोंडात घातल्याचे प्रकार जगभर घडतात.

दुसरे मोठे दार म्हणजे टाकीची हवानळी. इंधन खर्च होईल तशी हवा आत यावी म्हणून ती असावीच लागते. ती बुजवणे हा उपाय नव्हे. शिडाची नौका वाऱ्याने एका बाजूस कलते, आणि हवानळीचे तोंड त्या बाजूच्या कडेवर असेल तर ते लाटेखाली जाते. म्हणून नळी टाकीपासून जेवढी उंच नेता येईल तेवढी न्यावी, तिला वर उलटा वळसा द्यावा आणि तोंड लाटांच्या माऱ्यापासून आडोशाला, शक्यतो नौकेच्या मध्यरेषेजवळ काढावे.

तिसरा मार्ग खुद्द इंधनाचा. भारतीय मानकानुसार डिझेलमध्ये किलोग्रॅमला 200 मिलिग्रॅमपर्यंत पाणी चालते. याचा अर्थ, हजार लिटर निर्दोष डिझेलबरोबरही सुमारे 165 ग्रॅम पाणी येऊ शकते. ते बहुतांशी विरघळलेले असते. इंधन थंड झाले की त्यातील काही वेगळे होते. जेथे पंप नाही तेथे डिझेल पिंपांतून येते. उघड्यावर उभ्या ठेवलेल्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचे पाणी साचते आणि रात्री आतील हवा आकसली की ते बुचातून शोषले जाते. पिंप आडवे ठेवून दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत आणि इंधनाच्या पातळीखाली राखली, तर हे टळते. घेतलेल्या इंधनाची परीक्षा करण्यासाठी मोजपट्टीच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून ती टाकीच्या तळापर्यंत न्यावी. पाणी असेल तेवढ्या उंचीपर्यंत पेस्टचा रंग बदलतो.

पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनांचा प्रश्न वेगळा आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते; मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी वेगळा थर बनवतात. ही स्थिती आल्यावर ते पेट्रोल वापरू नये. ते ढवळून पुन्हा पूर्ववत होत नाही.

पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांचा काळा-तपकिरी चिकट गाळ गाळणी तुंबवतो आणि त्यांनी तयार केलेली आम्ले टाकीचा पत्रा खातात. जंतुनाशक औषधे मिळतात, परंतु पाणी काढल्याशिवाय औषध टाकणे व्यर्थ होय. इंजिनाची हानी याहून महाग पडते. डिझेल हेच इंजेक्शन पंपाचे वंगण असते. पाण्याने ते वंगण तुटते, आणि खारे पाणी असेल तर सूक्ष्म भाग गंजतात.

म्हणून बंदीच्या काळात टाकी एकतर काठोकाठ भरून ठेवावी किंवा पूर्ण रिकामी व कोरडी करावी. अर्धवट ठेवू नये. दोहोंपैकी पहिला पर्याय व्यवहार्य वाटला, तरी मोठ्या ट्रॉलरसाठी त्यात बरेच भांडवल अडकते. त्यांनी टाकी रिकामी करून तळ पुसून घ्यावा. इंजिनापूर्वी पारदर्शक वाटी असलेली पाणी विलग करणारी गाळणी असावी आणि तिची वाटी प्रत्येक फेरीपूर्वी पाहावी.

वाटीतून काढलेले पाणी बंदरात ओतू नये. ते काचेच्या बाटलीत तासभर स्थिर ठेवावे, वरचे डिझेल वेगळे करावे आणि तळाच्या पाण्याचे काही थेंब स्वच्छ पत्र्यावर उन्हात वाळू द्यावेत. मिठाचा पांढरा थर उरला, तर हवानळी तपासावी. काही न उरल्यास पाणी पावसाचे आहे. तेव्हा झाकण पाहावे, आणि ते ठीक असेल तर पिंपांकडे वळावे.